व्हर्टआयओवर टाकली की निळा स्क्रीन
तुम्ही म्हणताय क्यूईएमयूत (कॉम्प्युटरच्या आत दुसरा आभासी कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) डिस्क आयडीईवरून (डिस्क जोडणारा जुना कंट्रोलर) व्हर्टआयओवर (आभासी कॉम्प्युटरसाठीचा वेगवान कंट्रोलर) टाकली की विंडोज बूटच होत नाही, तर इमेज, म्हणजे त्या डिस्कची फाइल, करप्ट नाहीये हो, परत बनवत बसू नका. इथं सोलापुरात अक्कलकोट रोडला एका टॉवेल कारखान्याचं विंडोज एक्सपीवरचं जुनं बिलिंग क्यूईएमयूत हलवताना मला सेम झालं, निळा स्क्रीन क्षणभर दिसून लगेच रीस्टार्ट, एफ८ दाबून ऑटो रीस्टार्ट बंद केलं तेव्हा कुठे ७बी (बूट डिस्क सापडत नाही असा एरर कोड) वाचता आलं. म्हणजे कंट्रोलर बदलला पण त्याचा ड्रायव्हर बूटच्या वेळी लोडच होत नाही. मेन डिस्क परत आयडीईवर घ्या, १ जीबीची रिकामी डिस्क व्हर्टआयओवर जोडा, विंडोज ड्रायव्हर मागेल तो तुमच्या विंडोज व्हर्जनचाच द्या, मग शटडाउन करून मेन डिस्क व्हर्टआयओवर टाका. पण आधी इमेजची कॉपी काढा, प्लीज.