चर्चा: मेडिकलवाल्याने बाळंतिणीला सल्ला द्यावा का?

तापीकाठचा
बहीण बाळंतपणासाठी चोपड्याला आलीय, बाळ दीड महिन्याचं. तिला सर्दी झाली म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळी आणली. दुकानदाराने पट्टी कापून हातात ठेवली, कुणासाठी हवी ते विचारलंही नाही. नर्स असलेल्या वहिनीने पट्टी उलटून पाहिली तर त्यात स्यूडोएफेड्रिन. नाक मोकळं करतं, पण दूधही घटवू शकतं. ८ बायकांवरच्या एका छोट्या अभ्यासात (२००३) एकाच गोळीने दिवसभराचं दूध सरासरी २४ टक्क्यांनी उतरलं होतं. माझं म्हणणं एवढंच, की घरात बाई असेल तर दुकानदाराने "अंगावर पाजते का?" हे विचारलंच पाहिजे. डॉक्टरकडे आपण नंतर जातो, मेडिकलवर आधी.

भुसावळी
दुकानदाराला डॉक्टर करू नका राव. सर्टिफिकेट भिंतीवर आणि फार्मासिस्ट दुसऱ्या गावी, हे आपल्याकडे कुणाला नवीन आहे? काउंटरवर असतो मालकाचा भाचा. तो प्रश्न विचारेल, आणि उत्तर माहीत नसलं की सांगेल, "गोळी घ्यायची तर आठ दिवस पाजू नका." त्यापेक्षा न विचारलेलं बरं.

अमळनेरचा फार्मासिस्ट
मी रोज दुकानात बसतो, म्हणून लिहितो. रुग्णाला समजावून सांगणं हे नोंदणीकृत फार्मासिस्टचं काम आहे, २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिसच्या नियमांत तसं लिहिलंय. आणि बहुतेक वेळा माझं उत्तर "पाजत राहा" असंच असतं. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन चालतात. ॲस्पिरिन टाळायची. कोडीनचं खोकल्याचं औषध नकोच, काही आयांच्या शरीरात त्याचं मॉर्फिन झपाट्याने बनतं आणि दुधातून बाळाला गुंगी येते. इस्ट्रोजेनची गर्भनिरोधक गोळी सुरुवातीच्या महिन्यांत दूध कमी करू शकते. थान पिकलं, ताप आला तर डॉक्टरकडे पाठवतो, पण पाजणं थांबवू नका हेही सांगतो.

मे महिन्यात ४५ अंशांत आज्या बाळाला पाणी पाजतात, ग्राइप वॉटर मागतात. सहा महिन्यांपर्यंत दुधाशिवाय थेंबभर पाणीही लागत नाही, उन्हाळ्यातसुद्धा. हे सांगायला एमबीबीएस कशाला हवं?

केळीवाला रावेर
फार्मासिस्टसाहेब, बोलणं गोड आहे, पण दुधाच्या पावडरीच्या डब्यावर मार्जिन आहे ना? बाई म्हणते, "भाऊ, दूध आटी गयं, डबा दे," तेव्हा तुम्ही बाळाला छातीशी नीट धरायला सांगता की डबा काढता? १९९२ च्या कायद्याने (२००३ ला तो आणखी कडक झाला) दोन वर्षांखालच्या बाळाच्या दुधाच्या डब्याची आणि बाटलीची जाहिरात, सवलत, फुकट नमुने सगळं बंद आहे. तरी माझ्या पोरीच्या वेळी दुकानदाराने डब्यावर बाटली फुकट दिली होती.

अमळनेरचा फार्मासिस्ट
दिली असेल, तर गुन्हा केला. मीही डबा विकतो, खोटं कशाला बोलू. पण आधी विचारतो, दिवसातून किती वेळा लघवी करतं? सहा-सात वेळा होत असेल, वजनही वाढत असेल, तर दूध आटलेलं नाही.

आशाताई, धडगाव
पाड्यावर मेडिकलच नाही, तुमचा वाद कुणासाठी? बाई बाजाराच्या दिवशी खाली येते. दुकानात चार पुरुष उभे. त्यांच्यासमोर छाती दुखते म्हणून कशी सांगेल? ती डोकेदुखीची गोळी मागते आणि जाते.

अमळनेरचा फार्मासिस्ट
हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्या दुकानात आडोसा नाही.

तापीकाठचा
काल परत त्याच दुकानात गेलो. मीच म्हटलं, बहीण अंगावर पाजतेय. तो म्हणाला, "मग परवा का नाही सांगितलं? ही गोळी दिलीच नसती."

भुसावळी
म्हणजे माहीत होतं त्याला. फक्त विचारलं नाही.