पोस्टरं सोडा, तिकिटं बघा
"जुन्या पर्यटन पोस्टरांत काश्मीर, दार्जिलिंग, आग्रा, आपल्या मराठवाड्याला कुणी विचारलंच नाही" हे म्हणणं मला तितकंसं पटलं नाही. पोस्टाची तिकिटं बघा ना. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि निजामाचं टपालखातं वेगळं होतं. १९३१ पासूनच्या त्यांच्या मालिकेत ८ आण्यांच्या तिकिटावर अजिंठा लेण्यांचं प्रवेशद्वार आहे आणि १ रुपयाच्या तिकिटावर दौलताबाद. नखाएवढं पोस्टरच की ते!

आजोबांच्या ट्रंकेत परभणीच्या पत्त्याचं एक पाकीट सापडलं होतं, त्यावर हेच अजिंठ्याचं तिकीट. शिक्का नेमका लेण्याच्या तोंडावर बसलेला. शाळेत असताना मी ते सोलून वहीत चिकटवलं, तेही भाताच्या शितांनी (अक्कल!). आता भिंग लावलं की लेण्याआधी शितांचे डाग दिसतात.