चिनी पोरांना रिसर्चचं इंग्लिश: शब्दांच्या याद्या पाठ करून घ्यायच्या की फाडून टाकायच्या?

पेन्सिलटोक
नवऱ्याच्या नोकरीपायी तीन वर्षं चीनमध्ये सुजौला काढली, तिथल्या ओळखीतून आता नाशिकहून ऑनलाइन चिनी मुलांना इंग्लिश शिकवते. बहुतेक एमएस-पीएचडीवाले. प्रत्येकाकडे एक यादी असतेच, डावीकडे इंग्लिश उजवीकडे चिनी, विषय 'संशोधन आणि इनोव्हेशन', तीनशे शब्द, कुठल्याशा क्लासने दिलेली. पोरं घडाघडा म्हणून दाखवतात आणि मग लिहितात 'वी डिड मेनी रिसर्चेस'.

माझं म्हणणं, घोळ त्या उजवीकडच्या कॉलममध्येच आहे. चिनीत लुनवन हा एकच शब्द, पेपरलाही तोच, पीएचडीच्या प्रबंधालाही तोच, त्यामुळे एक मुलगा चार पानी पेपरला बिनधास्त 'माय थिसिस' म्हणतो. छ्वांगशिन म्हणजे इनोव्हेशन, पण चिनीत तेच नाम, तेच क्रियापद, रूप काही बदलत नाही, मग 'वी इनोव्हेशन अ मेथड' असली वाक्यं येणारच. आणि कहर म्हणजे छ्वांगशिन-द्येन. तिकडे थिसिसमध्ये तुम्ही नवीन काय केलं ते मुद्दे काढून लिहायचं असतं, त्याचं हे नाव. पोरं त्याचं सरळ 'इनोव्हेशन पॉइंट्स' करतात, बाहेरचा रिव्ह्यूअर डोकं खाजवतो, कारण त्याच्याकडे तिथे साधं 'कॉन्ट्रिब्यूशन्स' म्हणायची पद्धत. यादीत इनोव्हेशनही आहे, पॉइंटही आहे, दोन्हीचे अर्थ बरोबर! म्हणून मी म्हणते याद्या बंद, पेपर वाचायला लावा, त्यातली वाक्यं उचलू द्या.

खडूमास्तर
ताई, सपशेल अमान्य. आपण कुठल्या पाण्यात वाढलो ते विसरताय तुम्ही. आपल्याकडे गावाकडचा काकाही प्रोजेक्ट, टेक्नॉलॉजी, रिसर्च, रिपोर्ट हे शब्द बोलता बोलता वापरतो, पोराला कॉलेजात जायच्या आधीच पाचपन्नास शब्द फुकटात मिळालेले असतात. स्पॅनिशवाल्याचं तर विचारूच नका, त्याचं इनोव्हासिओन घरचंच. चिनी बाहेरचा शब्द शक्यतो आवाजासकट घेत नाही, अर्थ घेऊन स्वतःचा घडवते, कॉम्प्युटरला द्येन-नाओ म्हणजे विजेचा मेंदू. शब्द सुरेख आहे पण त्या पोराला कॉम्प्युटर हा शब्द पहिल्या अक्षरापासून पाठ करावा लागतो. त्याच्या हातातली यादी काढली की राहिलं काय?

न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली अकॅडमिक शब्दांची यादी काढली, ५७० शब्दकुटुंबं (म्हणजे एक शब्द आणि त्याची सगळी रूपं), आणि अकॅडमिक लिखाणातले साधारण १० टक्के शब्द त्यात सापडतात. ५७० पाठ करून दर दहा शब्दांतला एक कळत असेल तर हा सौदा महाग आहे का? आपल्या आजोबांनी पावकी-निमकी पाठ केलीच ना, आधी अर्थ समजून घेतो मग पाठ करतो म्हणाले होते का?

नुसताच_वाचक
मुळात इंग्लिशचा अट्टाहास कशाला म्हणतो मी. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू बाईंचं आर्टेमिसिनिनचं (मलेरियावरचं औषध) काम १९७७ मध्ये चिनी जर्नलमध्ये चिनीतच छापून आलं, तेही कुणाचं व्यक्तिगत नाव न देता, आणि २०१५ ला नोबेल घेताना बाईंनी स्टॉकहोममध्ये भाषणही चिनीत केलं. २०२० मध्ये तर सरकारनेच सांगितलं की परदेशी जर्नलमधले पेपर मोजत बसू नका, मूल्यमापनाला दाखवाल त्यातले निदान एक तृतीयांश देशातल्या जर्नलमधले हवेत. तुमचा धंदा बसणार ताई :)

पेन्सिलटोक
@नुसताच_वाचक, देशातलं जर्नल म्हणजे चिनी भाषेतलं असं नाही हो, चीनमधून निघणारी इंग्लिश जर्नलं कितीतरी आहेत. चिनी जर्नललाही वर इंग्लिश अ‍ॅबस्ट्रॅक्ट लागतो आणि पोरं सगळ्यात जास्त तिथेच आपटतात. तू यूयूंचं उदाहरण देताना मधली वर्षंही मोजा. १९७७ ते २०१५.

@खडूमास्तर, पावकीत पाव म्हणजे पावच असतो, संदर्भ बदलला म्हणून त्याचा पाऊण होत नाही. इथे तसं नाही ना. मुलांना 'नॉव्हेल' म्हणजे कादंबरी हे शाळेपासून पाठ, मग 'नॉव्हेल मेथड' (म्हणजे नवी पद्धत) वाचलं की अडकतात. 'लिटरेचर' म्हणजे साहित्य, मग लिटरेचर रिव्ह्यू, म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा, हे कवितांचं रसग्रहण वाटलेली एक मुलगी खरंच होती माझ्याकडे. अवघड शब्दांनी कुणी मरत नाही, ओळखीचे शब्दच दगा देतात आणि ते तुमच्या यादीत नसतात कारण ते 'येतात' असं सगळे धरून चालतात.

शिन्चूकर
तैवानमध्ये पोस्टडॉक करतोय म्हणून मध्ये तोंड घालतो. चिनी बोलणारे म्हणजे फक्त मेनलँड, म्हणजे मुख्य चीन, नव्हे. मेनलँडमध्ये जिल्यांग म्हणजे क्वालिटी पण आणि फिजिक्समधलं मास (वस्तुमान) पण. इथे क्वालिटीला पिनजि म्हणतात, जिल्यांग मासला. आमच्या लॅबमध्ये मेनलँडहून आलेल्या एकाने ड्राफ्टमध्ये 'क्वालिटी ऑफ द पार्टिकल' लिहिलं होतं, इलेक्ट्रॉन चांगल्या प्रतीचा आहे की नाही यावर आम्ही दिवसभर हसलो. मुद्दा ताईंच्या बाजूचाच झाला म्हणा.

खडूमास्तर
हसा. पण चूक यादीची की वाईट यादीची? जिल्यांगपुढे दोन ओळी लिहिल्या असत्या, वस्तूला क्वालिटी आणि तराजूला मास, तर विषय संपला असता. आणि ताईंचं 'पेपर वाचायला लावा' हे ऐकायला गोड आहे हो, पण तिकडे कॉलेज इंग्लिश टेस्ट असते, सीईटी-४ आणि सीईटी-६ (आपल्याकडची सीईटी नव्हे), १९८७ पासून चालू आहे, बऱ्याच ठिकाणी नोकरीच्या अर्जात अजून तिचे मार्क विचारतात. पोराला परीक्षा द्यायचीय, रात्री अकराला लॅबमधून सुटतो तो, त्याने पेपर चघळत बसायचं?

पेन्सिलटोक
वेळेचा मुद्दा खरा आहे, त्याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. पण एक सांगते, सगळं काही चिनीमुळे अडतं असंही नाही. डिस्कव्हर आणि इन्व्हेंट यात माझी चिनी मुलं कधीच चुकत नाहीत, कारण फाश्येन वेगळं, फामिंग वेगळं. चुकतो आपण! आपला 'शोध' दोन्हीकडे चालतो, गुरुत्वाकर्षणाचाही शोध आणि टेलिफोनचाही शोध, मग आपली पोरं 'न्यूटन इन्व्हेंटेड ग्रॅव्हिटी' लिहितात. आणि रिसर्चचं अनेकवचन करू नका हे मी नियम म्हणून वर्षभर सांगत होते, काही फरक नाही. मग एकदा सांगितलं की तुम्ही चिनीत रिसर्चला नुसतं एक येनज्यू म्हणता का, नाही ना, मध्ये श्यांग हा मोजणीचा शब्द घालता, 'यी श्यांग येनज्यू', तसंच इंग्लिशमध्ये 'अ पीस ऑफ रिसर्च'. त्या दिवसापासून रिसर्चेस जवळजवळ बंद.

खडूमास्तर
म्हणजे चिनीचाच आधार घेतलात की! मगाशी उजवा कॉलम फाडत होतात.

पेन्सिलटोक
फाडा म्हटलं ते एका शब्दापुढे एकच शब्द असलेल्या कॉलमला. असो, द्या तुमची ५७० ची यादी, उजवीकडे अर्थाऐवजी अख्खं वाक्य लिहून वापरून बघते दोन महिने.

शिन्चूकर
ताई, अल्फाबेटप्रमाणे लावू नका फक्त. त्या यादीतला पहिला शब्द 'अ‍ॅबँडन' आहे, म्हणजे सोडून देणे. चीनमधल्या शब्दांच्या पुस्तकांवरचा हा जुना विनोद आहे, पोरं पहिला शब्द पाठ करतात आणि लगेच त्याप्रमाणे वागतात.