दोन तिमाहीअखेरच्या याद्या ताडून ‘स्थिती बदललेली खाती’ मोजणं पुरेसं आहे का?

शहापूरकर, बेळगाव: आमच्या सहकारी बँकेचा कर्जखात्यांचा अहवाल मी पॉवर बीआय या अहवालाच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो. 31 मार्च आणि 30 जूनची यादी खाते क्रमांकावर जोडायची, स्थिती, म्हणजे हप्ता किती थकलाय तो वर्ग, वेगळी दिसेल ती खाती मोजायची. संचालकांना एवढंच लागतं. मधल्या महिन्यांचा पसारा कशाला?

निपाणीकर: पुरेसं कसं ओ? ऊस वाहतुकीचं बिल लांबलं की ट्रकचा हप्ता थकतो. मार्चअखेर 20 दिवस थकीत, म्हणजे एसएमए-0, थकबाकीच्या इशाऱ्याची पहिली पायरी. मेअखेर 81 दिवस, एसएमए-2, शेवटची पायरी. अजून दहा दिवसांत एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज. जूनमध्ये बिल आलं, मागचं सगळं भरलं, फक्त जूनचा हप्ता राहिला. परत एसएमए-0. तुमच्या अहवालात बदल शून्य!

शहापूरकर: त्याला वसुली विभाग आहे की. मी सुरुवात आणि शेवट दाखवतो, तसं वर लिहितोही.

खानापूरची: आधी बेरीज जुळते का बघा. पॉवर बीआयच्या पॉवर क्वेरीत दोन याद्या मर्ज करताना, म्हणजे जोडताना, नुसतं ओके दाबलं तर लेफ्ट आउटर होतं, म्हणजे वरच्या यादीतलीच खाती राहतात. मार्चची यादी वर असेल तर एप्रिलपासूनची नवी कर्जं गायब! फुल आउटर घ्या, दोन्ही याद्यांतली सगळी खाती राहतात. ‘नवीन’ आणि ‘बंद’ वेगळे मोजा, त्यांना ‘बदललेली’त ढकलू नका. खाते क्रमांकावर जोडता ते बरं करता. आमच्याकडे एका शाखेची नावं कन्नडमध्ये, दुसरीची इंग्रजीत. नावावर जोडलं की एकाच पाटलांचे दोन पाटील होतात.

निपाणीकर: ताई, बरोबर. पण मी म्हणतो, महिनाअखेरच्या याद्या एकाखाली एक लावा आणि एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतलं लॅग हे फंक्शन खातेवार चालवा. मागची स्थिती शेजारी येते, बदल लगेच दिसतो.

चिकोडीचा: लॅग मागची ओळ आणतं, मागचा महिना नव्हे. मेची यादी आलीच नसली तर जूनची गाठ थेट एप्रिलशी पडते, आणि एररही येत नाही. तारखेतलं अंतर तपासा. दुसरं, 12 खाती घसरली नि 10 सुधारली तर ‘निव्वळ 2’ लिहून मोकळं होऊ नका. वसुलीवाल्यांची 10 खात्यांची मेहनत त्यात बुडते.

शहापूरकर: फुल आउटर करतो. मासिक मात्र नको. एका पानाच्या वर गेलं की बैठकीत कोणी वाचत नाही.

निपाणीकर: एका पानात मावतं ओ. डावीकडे मार्चची स्थिती, वर जूनची, चौकटीत खाती. खाली एकच ओळ: मध्ये घसरून परत आलेली किती.