प्रतिसाद: अर्ज मराठीत पण चालतो की

वर कुणीतरी लिहिलंय की हवामानबदलावर काम करणाऱ्या कलाकारांना ग्रँट मिळते ती फक्त दिल्ली-मुंबईच्या इंग्रजीवाल्यांना. अर्धं खरंय. पण बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सला अर्ज कुठल्याही भारतीय भाषेत चालतो हे आपल्याकडं कुणाला माहीतच नसतं. नेदरलँड्सचा प्रिन्स क्लॉस फंड आणि जर्मनीचं ग्योथे इन्स्टिट्यूट (पुण्यातलं मॅक्स म्युलर भवन म्हणजे तेच) यांनी मिळून पर्यावरणबदलावरच्या कामासाठी पैसे आणि मार्गदर्शन असा कार्यक्रम केलाय, तिथं मात्र इंग्रजी लागतं, भाच्याला धरायचं लिहायला.

आता विषय म्हणाल तर सांगलीकरांना शोधायला लागतो होय? २०१९ च्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५. आमच्या हरभट रोडच्या दुकानात पाणी ओसरल्यावर भिंतीवर जी तपकिरी रेघ राहिली ती मी दोनदा रंग मारून पण पावसाळ्यात ओल धरली की परत दिसते, शेवटी एका चित्रकार मित्रानं तिच्यावर ट्रेसिंग पेपर लावून ती उतरवून घेतली, आता गल्लीतल्या पंधराएक घरांच्या रेघा त्याच्याकडं गुंडाळून पडल्यात. अर्ज काय अजून भरला नाही गड्यानं, बजेटच्या रकान्यात अडकलाय.