मदत हवी आहे: बंदीतल्या दोन हप्त्यांवर ९,१६० रुपये विलंब व्याज?

हर्णैला आमची छोटी बोट आहे. बाबांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये इंजिनासाठी एका फायनान्स कंपनीकडून कर्ज घेतलं, हप्ता ६,४०० रुपये. २०२५ च्या जून-जुलैचे दोन हप्ते चुकले. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोट वाळूवर ओढलेली, पैसे येणार कुठून? सप्टेंबरात दोन्ही हप्ते भरले. त्यानंतर एकही चुकलेला नाही.

आता वसुलीवाले ११,८४० मागतायत. हप्ता बाऊन्स झाल्याचे १,१८०, 'भेट शुल्क' १,५०० (न बोलावता आले त्याचे!) आणि उरलेलं विलंब व्याज. परवा रात्री साडेआठला दोघे आले, ओटीवर बसले, आईने दिलेलं पाणी प्यायले आणि मोबाईलवर आकडा दाखवला. कागद नाही, ओळखपत्र नाही. वर "रोख द्या, आठ हजारात मिटवतो." त्याआधी बंदरावर लिलाव चालू असताना बाबांना सगळ्यांदेखत कर्जबुडवे म्हणाले. बाबा टोपल्या तशाच सोडून घरी आले. ते म्हणतात देऊन टाकू. मला पटत नाही. काय करू?

प्रतिसाद १: रोख एक रुपयाही देऊ नका. आधी कंपनीकडून कर्जखात्याचा पूर्ण उतारा ईमेलने मागवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार हप्ता चुकला तर व्याजदर वाढवून दंड लावता येत नाही. दंड वेगळा 'आकार' म्हणूनच लावायचा आणि त्या आकारावर पुन्हा व्याज चढवायचं नाही. जुन्या कर्जांनाही हे जून २०२४ अखेरपासून लागू आहे, म्हणजे तुमचे हप्ते चुकले तेव्हा होतंच. भेट शुल्क करारात लिहिलंय का तेही बघा.

प्रतिसाद २: वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायलासुद्धा मनाई आहे, चारचौघांत अपमान करायलाही. पुन्हा आले तर ओळखपत्र आणि कंपनीचं अधिकारपत्र मागा. एक मात्र तपासा: ती खरंच फायनान्स कंपनी आहे की पतसंस्था? आमच्या गुहागरकडे लोक दोन्हींना 'फायनान्स'च म्हणतात. पतसंस्था असेल तर तक्रार सहकार खात्याच्या निबंधकांकडे जाते, रिझर्व्ह बँकेकडे नाही.

धागाकर्ता: कंपनीच आहे, करारावर एनबीएफसी (म्हणजे बँक नसलेली वित्त कंपनी) लिहिलंय. उतारा आज आला. ऑगस्टमध्ये दंडाची रक्कम सरळ मुद्दलात मिळवलीय आणि सप्टेंबरपासून त्या फुगलेल्या मुद्दलावर व्याज! भेट शुल्क करारात कुठेच नाही. आता चालू हप्ता थांबवू का?

प्रतिसाद १: अजिबात नाही, नाहीतर तुम्हीच चुकीचे ठराल. हप्ता वेळेवर भरा आणि तो दंडात न वळवता हप्त्यातच जमा करा असं लेखी कळवा. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला उताऱ्यातल्या त्या दोन ओळी दाखवून ईमेल करा, रात्रीच्या भेटीची तारीख-वेळही टाका. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. फी नाही, वकील लागत नाही.

धागाकर्ता: ईमेल गेला. बाऊन्सचे १,१८० करारात आहेत, ते भरायला बाबा तयार आहेत. पावती मिळाली तरच, असं म्हणतायत.