सोसायटी – फक्त महत्त्वाचे : गॅरेज नंबर ३ चा विषय

[शनिवार, दुपारी २:४७]

बी-१०१ काकी: सर्वांना नमस्कार 🙏 कुणाचे नाव घेत नाही. पण दुपारी पावणेतीन वाजता ग्राइंडर चालवणे कोणत्या नियमात बसते ते कमिटीने सांगावे. ह्यांना डॉक्टरांनी दुपारी दोन तास पडायला सांगितले आहे. बीपी आहे. खाली घर्रर्र सुरू झाले की आमच्या कपाटातल्या बश्या वाजतात.

बी-१०१ काकी: शिवाय हा फोटो बघा. गॅरेजच्या दारात निळा टब, आत तपकिरी फेस, दोन वायरी सोडल्यात आणि बुडबुडे येतायत. मुलांना सुट्टी आहे, खालीच खेळतात. हे नक्की काय चाललंय?

वहिनी बी-२०२: मला वाटलं भाईंनी मटणाची शागोती टाकली 😄

सी-१०४: पाण्याची टाकी साफ कधी होणार? तिसऱ्यांदा विचारतोय.

सेक्रेटरी ए-२०२: काकी, नोंद घेतली आहे. भाई, कृपया उत्तर द्यावे. सर्वांनी संयम ठेवावा.

सी-२०१ पुणे: दुपारी १ ते ४ शांतता हवीच. याबाबतीत मी पूर्णपणे गोव्याच्या बाजूने आहे.

वहिनी बी-२०२: पुण्याची आणि गोव्याची मतं जुळली! तारीख लिहून ठेवा कुणीतरी.

सी-२०१ पुणे: ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा मर्यादा ५५ डेसिबल, रात्री ४५. मी बाल्कनीतून मोबाईलवर मोजले. ८४.

ए-१०३ भाई: तुम्ही कधी आलात? दिवाळीनंतर दिसलाच नाहीत.

सी-२०१ पुणे: मेंटेनन्स बारा महिन्यांचा भरतो.

[३:२०]

ए-१०३ भाई: काकी, माफ करा. मुद्दाम नाही केले. सकाळी जुन्या फियाटच्या उजव्या बाजूची दाराखालची पट्टी घासायला घेतली. जुना रंग, पुट्टी, अंडरकोट सगळे काढून पांढरा पत्रा आणला. आता मे महिन्यातली ही दमट हवा. उघडा पत्रा तसाच टाकून जेवायला गेलो आणि चारला परत आलो, की बोट फिरवल्यावर केशरी पावडर. गुरुवारचे अख्खे काम असेच फुकट गेले. तशा पत्र्यावर प्रायमर मारला तर गंज त्याच्या पोटात राहतो आणि दोन पावसांत फोड येतात. म्हणून घासले की त्याच दमात प्रायमर. मिरगाचा पाऊस १५ दिवसांवर आलाय.

बी-१०१ काकी: मिरग दरवर्षीच १५ दिवसांवर येतो भाई. गाडी १९ वर्षे ताडपत्रीखाली होती तेव्हा घाई नव्हती.

ए-३०१ धाकटा: काकी, टबात काही धोकादायक नाही. पाणी आणि धुण्याचा सोडा. बॅटरी चार्जरची निगेटिव्ह वायर गंजलेल्या भागाला, पॉझिटिव्ह भंगार लोखंडाला. गंज सुटून फेसात येतो, चांगला पत्रा जात नाही. आत बिजागऱ्या आहेत. मी सेट करून दिलंय.

बी-१०१ काकी: म्हणजे तूसुद्धा.

सी-२०१ पुणे: हायड्रोजन तयार होतो ना यात? बंद जागेत स्फोट होऊ शकतो.

ए-३०१ धाकटा: म्हणून तर टब आत नाही, दारात उघड्यावर आहे. फक्त जवळ कुणी बिडी ओढू नये. वॉचमनला सांगितलंय. आणि स्टेनलेसचे भांडे त्यात कधीच वापरायचे नाही, क्रोमियम सुटतं, ते विषारी.

वहिनी बी-२०२: वॉचमनची बिडी बंद? हा खरा चमत्कार.

सी-१०४: टाकीचे काय?

ए-१०३ भाई: टाकी पहिल्याच दिवशी काढून लांब नेऊन ठेवली. पेट्रोल कधीच उडालेले, पण रिकामी टाकीच जास्त वाईट, आत वाफ राहते. वेल्डिंग करताना ती आसपास नको.

सी-१०४: मी पाण्याच्या टाकीबद्दल बोलतोय.

[४:०५]

मास्तर बी-३०३: चर्चा भरकटते आहे. ही गाडी कोणती हे नव्या सभासदांना ठाऊक नसेल म्हणून लिहितो. डॉक्टरांची (भाईंचे वडील) १९६८ ची फियाट ११०० डिलाईट. मडकईच्या घरी असायची. ‘डिलाईट’ १९६४ पासून मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात होऊ लागली. हिचेच नाव १९७२ मध्ये ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’ झाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या त्याच. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. इंजिन १०८९ सीसी. गिअर स्टिअरिंगला. पुढे अखंड सीट असल्याने डॉक्टर, कंपाउंडर आणि पेशंट तिघे पुढेच.

वहिनी बी-२०२: म्हणजे हीच ती डुक्कर फियाट?

मास्तर बी-३०३: नाही. डुक्कर ही तिच्या आधीची, १९५४ ची, गोल पाठीची. तिची पुढची दारे उलटी उघडायची. दोन्हींत गल्लत करू नये.

वहिनी बी-२०२: सॉरी सर. बाकावर उभी राहते.

मास्तर बी-३०३: अर्ध्या फोंड्याला या गाडीने रात्री-अपरात्री दवाखान्यात पोचवले आहे. काकी, तुमच्या मोठीच्या वेळीसुद्धा हीच गाडी आली होती ना?

बी-१०१ काकी: आली होती. ढवळीला बंद पडली. पुढे बांबोळीच्या इस्पितळात मी रिक्षाने गेले. इतिहास सांगायचा तर पूर्ण सांगावा मास्तर.

ए-१०३ भाई: 🙏

सेक्रेटरी ए-२०२: एक सूचना. गाडी मडकई इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एखाद्या वर्कशॉपला नेऊन तिथे काम केले तर? टोइंगचा खर्च भाईंनी करावा. सोसायटीचा प्रश्न सुटेल.

ए-१०३ भाई: महिन्यापूर्वी सांगितले असते तर नेली असती. आता हलवता येत नाही. ह्या गाडीला खाली वेगळी चासी नाही, सगळी ताकद पत्र्याच्या पेटीतच. दाराखालच्या दोन पट्ट्या म्हणजे तिच्या मांड्या. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतांच्या, खाऱ्या वाऱ्याने त्या आतून पोखरल्या. पाणी निचरायची भोके मातीने बुजली, पाणी आतच राहिले. बाहेरून रंग शाबूत, स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर आरपार. डावी पट्टी कापून काढलीय. दाराच्या चौकटीत लोखंडी अँगल टाके मारून ठेवलाय म्हणून गाडी सरळ उभी आहे. आता उचलली तर मधून वाकेल आणि दारे परत जन्मात लागणार नाहीत.

सी-१०४: ३ महिने झाले. पाण्याची टाकी.

सी-२०१ पुणे: एवढा खटाटोप करण्यापेक्षा त्यात इलेक्ट्रिक मोटर बसवा. आवाज नाही, धूर नाही.

ए-१०३ भाई: नको.

सी-२०१ पुणे: किंवा मारुतीचे इंजिन. मिळते स्वस्तात.

मास्तर बी-३०३: तसे केल्यास ती व्हिंटेज राहणार नाही. केंद्राच्या २०२१ च्या नियमाप्रमाणे ५० वर्षांवरची गाडी मूळ रूपात असेल तरच व्हिंटेज. आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, म्हणजे आपला गोवा-दमणचा जुना ‘जीडी’ राहील. मात्र ती रोज रस्त्यावर वापरता येत नाही.

वहिनी बी-२०२: म्हणजे एवढे करून गाडी चालवायचीच नाही??

ए-१०३ भाई: चवथीला गणपती आणायचा आहे त्यातून. एकदाच.

वहिनी बी-२०२: मग माझा पाठिंबा. कुणी काही म्हणा.

[५:३०]

वहिनी बी-२०२: पाठिंबा मागे. आत्ता गच्चीवर गेले. फणसाचे पापड वाळत घातले होते पुरुमेंताचे, पावसाळ्याच्या बेगमीचे, दोनशे. सगळ्यांवर विटकरी ठिपके!! हा भाईंचा रेड ऑक्साईड प्रायमर आहे. फवारा मारला ना दुपारी?

ए-१०३ भाई: अर्धा डबाच मारला वहिनी. वारा एवढा वर जाईल असं वाटलं नाही.

वहिनी बी-२०२: दोन फणस, तीन दिवस, आणि सासूबाईंची कंबर. कुणाला खायला देऊ हे?

सी-२०१ पुणे: तिखट म्हणून खपतील.

वहिनी बी-२०२: तुम्ही गप्प बसा. तुम्हाला गेल्या वर्षी दिलेला डबासुद्धा अजून परत आलेला नाही.

सेक्रेटरी ए-२०२: वैयक्तिक विषय ग्रुपवर नकोत. ग्रुपचे नाव वाचावे.

वहिनी बी-२०२: गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा हिशेब महत्त्वाचा होता, तोही वैयक्तिकच निघाला होता ना?

सेक्रेटरी ए-२०२: तो ऑडिटला दिला आहे.

बी-१०१ काकी: बघा. आता कळले मी काय म्हणते. माझे एकटीचे दुखणे नव्हते. हे बिचारे दोन दिवस झोपलेले नाहीत. मी आतल्या खोलीत एसी लावून पडते, हे हॉलमध्ये. गॅरेज थेट त्यांच्या कानाखाली. काल चार वाजता चहा द्यायला गेले तर डोळे लाल.

[५:५२]

ए-३०१ धाकटा: भाईकाकांच्या कामाचा दर्जा बघा एकदा सगळ्यांनी, मग बोला. हा आजचा वेल्डिंगचा फोटो. पत्रा पातळ आहे, सलग वेल्ड मारला तर उष्णतेने लाटा येतात. म्हणून एक टाका इथे, एक वीतभर लांब, मग थांबायचं, गार होऊ द्यायचं, मग मधला. दोन तासांत फुटभर होतं.

मास्तर बी-३०३: उत्तम काम. शिलाईसारखे.

वहिनी बी-२०२: फोटोत उजव्या कोपऱ्यात काळी काच धरलेला हात कुणाचा?

वहिनी बी-२०२: घड्याळ ओळखीचे वाटते. पट्ट्याला सेफ्टी पिन आहे.

सी-२०१ पुणे: झूम करून पाहिले. चौकड्याची लुंगी.

ए-३०१ धाकटा: हा मेसेज डिलीट केला आहे

वहिनी बी-२०२: उशीर झाला बाळा. आम्ही सेव्ह केला 😂

ए-१०३ भाई: काकी, मी सांगणारच होतो. वेल्डिंग मला येत नाही. काकांनी वास्कोला जहाजांवर पंचवीस वर्षे हेच केले. ते फक्त दाखवायला आले होते पहिल्या दिवशी.

ए-३०१ धाकटा: नंतर म्हणाले तू नीट धरत नाहीस, दे इकडे.

[६:४०]

सी-१०४: सगळे गप्प का? टाकीचे विचारू का?

वहिनी बी-२०२: आता नको हो बाब. बी-१०१ मध्ये काय चाललंय ते ऐकू येतंय. ८४ च्या वर आहे.

[रात्री ८:१५]

बी-१०१ काकी: नमस्कार. डोळे कशाने लाल होते ते समजले. त्याबद्दल घरात बोलणे झाले आहे, इथे चर्चा नको. पण माझा मूळ मुद्दा तसाच आहे. आवाज तो आवाज. ह्यांना झोप नको असेल, मला हवी आहे.

बी-१०१ काकी: आणि भाई, तुम्ही सकाळी सगळी पट्टी एकदम उघडता कशाला? वहिनी पापडाचे सगळे पीठ एकदम लाटून ठेवते का? ऊन किती, जागा किती बघून लाटते. एक वाजेपर्यंत जेवढ्याला प्रायमर लागेल तेवढाच पत्रा उघडा करा. राहिलेला रंग आणि पुट्टी अंगावर असू दे, तेच त्याचे पांघरूण. हे पंचवीस वर्षे जहाजावर होते, पण हे सुचले नाही.

ए-१०३ भाई: काकी, खरंच सुचलं नाही.

मास्तर बी-३०३: मुद्दा शास्त्रशुद्ध आहे.

वहिनी बी-२०२: आणि फवारा बंद. ब्रशने मारायचा. माझ्याकडे अजून सांडगे वाळायचे आहेत.

ए-१०३ भाई: ब्रशने मारतो. पापडांचे काय ते सांगा, फणस मी आणून देतो. मडकईच्या घरी झाडाला आहेत.

वहिनी बी-२०२: बरका नको. कापा फणस हवा.

सेक्रेटरी ए-२०२: ठरल्याप्रमाणे: ग्राइंडर व हातोडा सकाळी ९ ते दुपारी १:३० आणि ४ ते ७. सोड्याचा टब कंपाउंडच्या भिंतीकडे, वर जाळी टाकून. रविवारी फक्त सकाळी. सदर व्यवस्था मिरगापर्यंत. कुणाची हरकत असल्यास लेखी द्यावी.

सी-२०१ पुणे: दीडऐवजी एक करता येईल का?

सेक्रेटरी ए-२०२: लेखी द्यावी.

सी-१०४: लेखी देतो. पाण्याची टाकी.

[रविवार, दुपारी १:२८]

ए-१०३ भाई: ग्राइंडर बंद. वीतभर राहिलंय, ते उद्या उघडेन. जेवढे उघडले तेवढ्याला प्रायमर लागला. केशरी काही नाही.

बी-१०१ काकी: धन्यवाद. ह्यांना वर पाठवा, पाने घेतली आहेत.

ए-१०३ भाई: काका बाराला गेले काकी. घरी जातो म्हणाले.

बी-१०१ काकी: घरी आलेले नाहीत.

ए-३०१ धाकटा: काकी, फियाटची मागची सीट काढून आंब्याखाली ठेवलीय ना, त्यावर आहेत. तोंडावर पेपर घेऊन. घोरतायत.

बी-१०१ काकी: उठवू नका. चारला मी येते.